मॉरिशसची चौकट आणि वरच्या दोन खोल्या

आमच्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पुरवणीत दर बुधवारी एका देशाची चौकट येते. साचा ठरलेला आहे. आधी लोकसंख्या, मग अर्थव्यवस्था, शेवटी शासनव्यवस्था आणि कोपऱ्यात झेंडा. ही चौकट मी बरीच वर्षं लिहितो आहे. त्यातल्या एकाही देशात मी गेलेलो नाही, आणि तशी गरजही पडत नाही. माहिती मिळते, ती तपासायची, साच्यात बसवायची. वाचणाऱ्या मुलांना परीक्षेत एखाद्या गुणाचा प्रश्न येतो, तेवढ्यापुरता तो देश त्यांच्या लक्षात राहतो.

मॉरिशसची चौकट छापून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी एक मुलगी कात्रण घेऊन कार्यालयात आली. ती मॉरिशसहून शिष्यवृत्तीवर आलेली होती आणि इथल्या विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. तिचं मराठी पाठ्यपुस्तकासारखं नीट होतं. मधेच वसतिगृहात उचललेला एखादा 'लई' नाहीतर 'व्हय' यायचा, तेव्हा तिचं तिलाच हसू यायचं. तिनं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि 'लोकसंख्या' या शब्दावर बोट टेकवलं.

"सर, यात आम्ही नाही," ती म्हणाली.

मी लिहिलं होतं की या उष्ण कटिबंधातल्या बेटावर भारतीय वंशाचे हिंदू, मुस्लिम, आफ्रिकी वंशाचे क्रिओल, चिनी आणि फ्रेंच वंशाचे लोक राहतात. तुम्ही हिंदूंमध्ये धरलेल्या आहात, असं मी तिला सांगितलं. त्यावर तिनं समजावलं की तिकडं तमिळ, तेलुगू आणि मराठी माणसं स्वतःला वेगळं सांगतात. त्यांची देवळं वेगळी, संस्था वेगळ्या, सणांच्या सुट्ट्यांची मागणीसुद्धा वेगळी. तिचे पूर्वज कोकणातून ऊस तोडायला गेले होते. "आमच्याकडच्या फ्रेंच पेपरात आम्ही असतो," ती म्हणाली. "मराठी पेपरात राहून गेलो."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची फिरवून म्हणाला, "घ्या. आपलीच माणसं गाळली तुम्ही. महाराष्ट्राची चौकट कराल तेव्हा कुणाला तरी दाखवून करा."

पुढच्या बुधवारी तीन ओळींची दुरुस्ती छापली. वाचकांना फरक पडला नाही, मला पडला. त्या सुमारास या सगळ्या चौकटींची पुस्तिका काढायचं ठरलं होतं. मॉरिशसचं पान तपासून द्याल का, असं मी तिला विचारलं. ती लगेच तयार झाली आणि मग दर शनिवारी दुपारी येऊ लागली.

ती कामाला पक्की होती. मुद्रितावरच्या, म्हणजे प्रूफ तपासायच्या, खुणा तिला दोन बैठकांत आल्या. एक खूण तिला फार आवडली. एखाद्या विधानाला कुणाचा हवाला नसेल, तर आम्ही समासात लाल पेनानं 'आधार?' असं लिहितो. म्हणजे हे कोण म्हणतं ते सांगा, नाहीतर ओळ काढा. मला ही सवय माझ्या पहिल्या संपादकांनी लावली होती, मी ती तिला लावली. त्यानंतर तिनं माझ्या पानावर इतक्या ठिकाणी 'आधार?' लिहिलं की पान लाल झालं.

अर्थव्यवस्थेत मी साखर, कापड, पर्यटन आणि बँका अशी रांग लावली होती. तिनं रांग तशीच ठेवली, पण बाजूला बोलून दाखवलं. तिचे वडील साखर कारखान्यात होते. कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांना जमिनीचा एकेक तुकडा मिळाला, त्यावर त्यांचं घर आहे. आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती. पुढं तिथं बांगलादेशातून मुली कामाला आल्या आणि आई घरी बसली. त्या मुलींवर आईचा राग नव्हता, ती त्यांना मासे शिजवून न्यायची, असं तिनं सांगितलं. मी ते ऐकलं आणि 'वस्त्रोद्योगात परदेशी कामगारांचं प्रमाण लक्षणीय' एवढं लिहिलं. चौकटीत जागा तेवढीच होती.

शासनव्यवस्थेवर आम्ही जास्त वेळ बोललो. राष्ट्रपती नामधारी, सत्ता पंतप्रधानांकडे, संसद इंग्रजीत चालते, घरात क्रिओल ही फ्रेंचवरून आलेली बोली बोलतात. हे मला माहीत होतं. तिनं सांगितलेली एक गोष्ट मला नवी होती. तिकडं निवडणुकीत उमेदवारानं आपण कोणत्या समाजाचे हे अर्जावर सांगायची पद्धत आहे. निकालानंतर एखादा समाज संसदेत कमी पडला, तर हरलेल्यांपैकी काहींना समाज बघून आत घेतात. तरुणांना हे पसंत नाही, काहींनी तो रकाना भरायला नकार दिला, असंही ती म्हणाली.

तिचं स्वतःचं मत मी विचारलं. "निदान उघड विचारतात," ती म्हणाली. "आणि पाच वर्षांतून एकदाच विचारतात."

मी हसलो. तिचं बोलणं मला त्या वेळी निव्वळ हुशारीचं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी ती एका शनिवारी उशिरा आली आणि पानाकडे तिचं लक्ष नव्हतं. मी विचारल्यावर तिनं सांगितलं. मुलींचं वसतिगृह दुरुस्तीसाठी रिकामं करायचं होतं. परदेशी विद्यार्थ्यानं पत्ता बदलला की दोन आठवड्यांच्या आत नवा पत्ता पोलिसांच्या परदेशी नोंदणी शाखेत कळवावा लागतो, आणि घरमालकानंही भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरावी लागते. तिच्या व्हिसाची मुदत मे महिन्यात वाढवायची होती. पत्ता नसेल तर अर्ज अडणार आणि एम.ए.चं दुसरं वर्ष जाणार. तिनं आठ घरं पाहिली होती. अर्ध्या घरमालकांना पोलिसांचा फॉर्म नको होता. उरलेल्यांनी मूळच्या कुठल्या, असं विचारलं होतं. मॉरिशस म्हटल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं होतं.

"आमच्या बेटावर मूळचं कुणीच नाही," ती म्हणाली. "सगळे जहाजातून उतरलेले. हे मी त्यांना कसं सांगू?"

आमचं घर सिडकोत आहे. खाली आम्ही दोघं, वर दोन खोल्या. जुने भाडेकरू फेब्रुवारीत गेले होते आणि फाटकावर पाटी लावलेली होती. मी स्वतःहून म्हणालो की उद्या येऊन खोल्या बघून जा. तिनं मागितलं नव्हतं. हे नोंदवणं आवश्यक आहे, कारण पुढं जे झालं त्यात मला कुणी अडचणीत आणलं होतं असा अर्थ निघायला नको.

रविवारी सकाळी बायकोनं वरच्या खोल्या झाडल्या, पुसल्या. त्या दिवशी आमच्या भागाला नळाचं पाणी होतं, म्हणजे तिला एरवीच पन्नास कामं होती. आठवड्याचं पाणी एका दिवसात भरायचं असतं. तरी तिनं वरच्या स्वयंपाकघरात एक माठ नेऊन ठेवला. मुलगी आली. बायकोनं तिला थालीपीठ करून घातलं. तिकडं गणपतीला सरकारी सुट्टी असते आणि विसर्जन समुद्रात होतं, हे ऐकून बायको खूश झाली. आरती म्हणून दाखव म्हणाली. मुलीनं म्हणून दाखवली. एका ओळीत तिचा शब्द आमच्यापेक्षा वेगळा होता. तो तिकडं पिढ्यान् पिढ्या तसाच म्हणत आले असणार. "काकू, चुकलं का?" तिनं विचारलं. बायको म्हणाली, "चुकलं तर देवाला कळलं ना, मला काय त्याचं."

मग बायको चहा टाकायला आत गेली आणि मी विचारलं.

मी ते कसं विचारलं हे मला नीट आठवतं. आमच्याकडे हे सरळ विचारत नाहीत. आधी आडनाव विचारतात. आडनावावरून बहुतेक काम होतं. नाही झालं तर गाव, मग कुलदैवत, मग मामाकडचं आडनाव. भाडेकरू ठेवताना फोनवरच 'आडनाव काय म्हणालात?' असं म्हणायची माझी पद्धत होती. मोजून तीन सेकंदांत निर्णय व्हायचा आणि समोरच्याला कारण सांगावं लागायचं नाही. पेपरात मी गुन्ह्याच्या बातमीतून आरोपीची जात काढून टाकतो. यात विसंगती आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं, कारण एक ऑफिस होतं आणि एक घर.

तिचं आडनाव मला ठाऊक होतं. पण ते आडनाव नव्हतंच, ते एका पुरुषाचं पाळण्यातलं नाव होतं. त्यामुळं पहिल्या पायरीवरच माझं काम अडलं होतं. हे खरं आडनाव का, असं मी विचारलं. तिनं सांगितलं की जहाजातून उतरल्यावर गोऱ्यांच्या कारकुनानं माणसाचं नाव विचारलं आणि बापाचं नाव विचारलं. बापाचं नाव पुढं सगळ्यांचं आडनाव झालं. आधीचं आडनाव असेल तर ते घरात कुणाला माहीत नाही. गाव? रत्नागिरीकडचं, एवढंच. कुलदैवत? आजी एका देवीला नारळ ठेवायची, तिचं नाव आजी सांगायची नाही. आईकडचं आडनाव? तेही तसंच, एका माणसाचं नाव.

"म्हणजे तुम्ही नेमक्या कोणत्यातल्या?" मी विचारलं.

"मराठी," ती म्हणाली.

"ते झालंच. त्यात कोणत्या?"

तिला प्रश्न कळला होता. आठ-नऊ महिने ती या शहरात होती, तिला तो कळणारच. तिनं माझ्याकडे पाहून सांगितलं, "माहीत नाही, सर. खरंच माहीत नाही." तिचा आवाज चढला नाही. शनिवारी एखादी आकडेवारी सापडली नाही की ती जशी सांगायची, तसंच तिनं हे सांगितलं.

बायको चहा घेऊन आली. दोन दिवसांत कळवतो, असं मी मुलीला सांगितलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. कळवायचं काय राहिलं होतं, हे तिला समजलं नसावं.

सोमवारी मी मुलीला मोबाइलवर निरोप पाठवला. 'घरचे जरा जुन्या वळणाचे आहेत. त्यांना चालणार नाही. वाईट वाटून घेऊ नका.' तिचं उत्तर आलं, 'ठीक आहे सर. काकूंना नमस्कार सांगा.' त्याच संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की मुलीला विद्यापीठाजवळच जागा मिळाली. माठ तिनं खाली आणला.

मी दोघींना दोन वेगळी कारणं दिली होती आणि दोन्ही खोटी होती. पहिल्यात मी माझं मत अज्ञात सूत्रांच्या तोंडी घातलं होतं. एखाद्या वार्ताहरानं असली बातमी दिली असती तर मी ती परत केली असती.

खरं कारण काय होतं, हे मी नंतर अनेकदा तपासलं. ती एखाद्या विशिष्ट जातीची निघाली म्हणून मी नाही म्हणालो नव्हतो. ती कुठलीच निघाली नाही, म्हणून म्हणालो. रकाना रिकामा राहिला होता आणि रिकामा रकाना घेऊन मला वरच्या खोल्यांत माणूस ठेवता येईना. समोरच्या निवृत्त कारकुनानं फाटकाशी थांबवून "कोन्त्यातली हाय पोरगी?" म्हटलं तर काय सांगायचं, एवढाच विचार मी केला होता. त्यानं प्रत्यक्षात काही विचारलेलं नव्हतं. या लेखात मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही, स्वतःचंही नाही. तरी एव्हाना काही वाचकांनी माझ्याबद्दल अंदाज बांधला असेल. तो बरोबर आहे की चूक, हे मी सांगणार नाही.

शनिवारी ती आली नाही. पुस्तिकेचं अंतिम मुद्रित तिच्याकडेच होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बायको शहागंजला गेली होती. ती दुपारी परतली. हातातली पिशवी तशीच ठेवून माझ्यासमोर बसली. तिला बाजारात ती मुलगी भेटली होती. मुलीनं तिला आग्रहानं आपली खोली दाखवायला नेलं होतं. एका दुकानाच्या मागं, जिना चढून, एका म्हाताऱ्या मुस्लिम बाईकडे. खोलीला खिडकी नव्हती, बायकोनं सांगितलं. विद्यापीठ तिथून लांब होतं.

"मी विचारलं, अगं तुला तर विद्यापीठाजवळ मिळाली होती ना? तर बोलेचना. मग म्हणाली, काकू, तुम्हाला चालणार नाही असं सरांनी कळवलं, मी मनावर नाही घेतलं." बायकोनं पिशवी बाजूला सरकवली. "घरच्यांना चालत नाही म्हणे. घरची म्हणजे कोण? मीच ना? तुमचे आई-वडील जाऊन किती वर्षं झाली. मग मलाच नाव ठेवलंत तुम्ही. तिच्या मनात मी तशी."

मी हातातल्या पेपरची घडी घातली.

"आणि मला खोल्या झाडायला कशाला लावल्या?" ती म्हणाली आणि पिशवीतल्या भाज्या काढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी शहागंजला गेलो. मुद्रित हवं आहे, हे निमित्त होतं. माफी मागायची असं मी घरून ठरवून निघालो होतो. दोन वाक्यं जुळवली होती. जिना अंधारा होता. वर म्हातारी बाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मुलगी जमिनीवर मोबाइल घेऊन बसली होती आणि मला पाहून उठून उभी राहिली, ऑफिसात उठायची तशी.

मी दोन वाक्यं बोलायच्या आत तिनं स्वतःच विषय काढला, पण तो वेगळा होता. घरमालकानं भरायचा फॉर्म अडला होता. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचा मुलगा बाहेरगावी होता, दुकानदारानं पोलिसांचं काम म्हणून अंग काढून घेतलं होतं. मुलीला तो स्वतःच भरता आला असता, पण तो घरमालकाच्या वतीनं दुसऱ्या कुणी भरावा, अशी बाईंची इच्छा होती. "मेरे को समझता नै, पढ़ेला आदमी होना," बाई म्हणाल्या. दोन आठवडे भरायला एक दिवस उरला होता.

"सर, तुम्ही भराल का?" मुलीनं विचारलं.

मी चटईवर बसलो आणि फॉर्म भरला. आधी घरमालकाचं नाव आणि पत्ता. शहराचं नाव यादीतून निवडायचं होतं. आम्ही पेपरात नवं लिहितो, बाईंच्या आधार कार्डावर जुनं होतं, त्यावर पाच मिनिटं गेली. मग भाडेकरूचं नाव, आडनाव, वडिलांचं नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, भारतात येण्याचं कारण. ती एकेक सांगत गेली, मी भरत गेलो. आडनावाच्या रकान्यात मी त्या माणसाचं पाळण्यातलं नाव भरलं आणि ते चाललं. मी त्या रविवारी जे विचारलं होतं त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. सरकारनं, पोलिसांनीही ते विचारलं नव्हतं.

फॉर्म गेला. पोहोच आली. बाईंनी चहा मागवला. त्या मुलीला म्हणाल्या की तुझे सर भले आदमी आहेत, एवढ्या उन्हात तुझ्यासाठी आले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"साब, आपका सिडको में घर है बोलती बेटी. वहां जगा नै थी क्या?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्यासाठी बाईंना उत्तर देणं सोपं होतं, पण तिनं ते माझ्यावर सोडलं. घरून आणलेली दोन वाक्यं बोलायची हीच वेळ होती. वरच्या दोन्ही खोल्या त्या क्षणी रिकाम्या होत्या. फाटकावर पाटी होती.

"नै थी," मी म्हणालो.

मुलीनं नजर काढून घेतली. बाईंना तिनं नळाला पाणी कधी येणार ते विचारलं. उद्या सकाळी, बाई म्हणाल्या, आणि पाण्याच्या वेळेचं सगळं सविस्तर सांगत बसल्या. त्या बोलण्यात माझा चहा संपला. निघताना मुलीनं मुद्रिताचा लिफाफा हातात दिला आणि काकूंना नमस्कार सांगायला सांगितलं.

लिफाफा मी ऑफिसात जाऊन उघडला. काम नेहमीसारखं चोख होतं. एक अनुस्वार, दोन क्रमांक, एका पिकाचं नाव दुरुस्त केलं होतं. लोकसंख्येच्या परिच्छेदात मराठी समाज आला होता. त्या परिच्छेदाच्या शेवटी माझी एक ओळ होती, ती मी पहिल्या छापाच्या वेळी सवयीनं टाकली होती आणि आजवर कुणाच्या नजरेत आली नव्हती: 'हे सर्व समाज एकमेकांशी सलोख्यानं राहतात.' अशी ओळ मी बऱ्याच देशांच्या चौकटीत टाकतो. तिच्या समासात लाल अक्षरात तिनं 'आधार?' लिहिलं होतं.

ते तिनं त्या रविवारच्या आधी लिहिलं होतं की नंतर, हे मला कळायला मार्ग नाही. मी विचारलं नाही.

ओळ काढली. पान एका ओळीनं कमी भरू लागलं, म्हणून तिथं बेटावरच्या पावसाची ओळ घातली, तिला आधार होता. पुस्तिका जूनमध्ये निघाली. श्रेयनामावलीत तिचं नाव पूर्ण छापलं आहे, आडनावासकट. एक प्रत मी शहागंजच्या पत्त्यावर टपालानं पाठवली, स्वतः नेऊन दिली नाही.

फाटकावरची पाटी बायकोनं मी शहागंजला जाऊन आलो त्याच आठवड्यात उतरवली आणि स्वतःचा नंबर लिहून परत लावली. आता खोल्यांसाठी फोन आला की ती घेते. परवा कुणीतरी विचारत होतं, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. कधी येता बघायला, एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. आडनाव काय, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पेपर वर धरला.